तोंडी खरेदी दाखवून झालेली 'राजी' डिक्री कशी उघडायची: बेळगाव सीमाभागातल्या शेतकऱ्यांसाठी

आपल्या नावानं अशी राजी, म्हणजे तडजोडीची, डिक्री झाल्याचं बहुतेक वेळा उतारा काढायला गेल्यावरच कळतं. आमचंही तसंच झालं. पीककर्जासाठी पीकेपीएस, म्हणजे गावच्या शेती पतपुरवठा, सोसायटीनं ताजा उतारा मागितला म्हणून आबा, म्हणजे माझे चुलते, नाडकचेरीत गेले. हातात आलेल्या कागदावर नवव्या रकान्यात त्यांचं नाव नव्हतं, बांधाशेजारच्या माणसाचं होतं. दहाव्या रकान्यात एक एमआर (फेरफार नोंदीचा) नंबर आणि त्यापुढे कन्नडमध्ये कोर्टाच्या डिक्रीचा उल्लेख. खानापूर तालुक्यातली एक एकर बारा गुंठे भाताची जमीन. आबा एवढंच म्हणाले, "मी तर पाटाच्या पाण्याची राजी केली होती."

त्यानंतरची काही वर्षं आम्ही कोर्टात घालवली, त्यातली जवळजवळ दोन निव्वळ चुकीच्या वाटेवर. ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, आणि वकिलाशिवाय हे काम होतही नाही. पण वकिलासमोर बसताना काय मागायचं, काय विचारायचं आणि कुठल्या कागदावर बोट ठेवायचं, हे माहीत असलं तर फार फरक पडतो.

नेमकं काय घडलेलं असतं

समोरचा माणूस दिवाणी कोर्टात दावा घालतो. दाव्यात म्हणतो की, यांच्या वडिलांनी किंवा यांनी स्वतः अमुक साली ही जमीन मला तोंडी विकली, पैसे घेतले, कब्जा दिला, कागद करायचा तेवढा राहिला. तर मला मालक ठरवा आणि यांना मनाई करा. थोड्याच दिवसांत त्या दाव्यात एक राजी अर्ज येतो. त्यात प्रतिवादी, म्हणजे तुम्ही, हे सगळं मान्य केलेलं असतं. कोर्ट त्यावरून हुकूमनामा करतं. तीच राजी डिक्री, तडजोड हुकूमनामा. डिक्रीची नक्कल तहसीलदाराकडे जाते, वर्दी, म्हणजे फेरफाराची नोंद, होते, उतारा फिरतो. खरेदीखत नाही, मुद्रांक नाही, सब-रजिस्ट्रारच्या टेबलासमोर फोटो नाही.

कधी कधी दोन्ही घरांनी खरंच समजून-उमजून असं केलेलं असतं. तसं असेल आणि आता जमिनीचा भाव वाढला म्हणून मन फिरलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. सही करताना कागदात काय आहे हे ज्यांना सांगितलंच नाही, ज्यांच्या नावावर दुसऱ्यानं सही केली, जे त्या दिवशी कोर्टात नव्हतेच, त्यांच्यासाठी हा आहे.

आधी एक गोष्ट करू नका

नवा दावा घालू नका. आम्ही तो घातला. आमच्या पहिल्या वकिलांनी 'राजी डिक्री फसवणुकीची आहे, रद्द करा' असा स्वतंत्र दावा मांडला. फी भरली, समन्स गेलं, समोरच्यानं दावा चालण्याजोगाच नाही असा अर्ज दिला, आणि वीस महिन्यांनी कोर्टानं आमचं दावापत्र नाकारलं. त्यात कोर्टाचं काही चुकलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ मधला नियम ३अ सरळ सांगतो की, तडजोड कायदेशीर नव्हती या कारणावरून तिच्यावरची डिक्री रद्द करायला वेगळा दावा चालणार नाही. हा नियम १९७६ च्या दुरुस्तीनं आला आणि १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू आहे. म्हणजे तो नवा नाही, तरी असे दावे आजही घातले जातात.

अपिलाची वाटही बंद आहे. संमतीनं झालेल्या डिक्रीवर अपील नाही, असं कलम ९६(३) म्हणतं. 'राजी झालीच नव्हती' असा वाद डिक्रीच्या आधीच कोर्टापुढे घातला असेल तर आदेश ४३ नियम १अ चा आधार घेता येतो का, हे वकिलाला जरूर विचारा. पण आपल्याकडच्या बहुतेक प्रकरणांत डिक्री झाल्याचंच आधी कळलेलं नसतं.

मग राहतं काय? ज्या कोर्टानं राजी नोंदवली, त्याच कोर्टात परत जायचं. 'ही राजी कायदेशीर नव्हती, डिक्री मागे घ्या' असा अर्ज करायचा. आदेश २३ नियम ३ च्या परंतुकाप्रमाणे, राजी झाली की नाही हा वाद उभा राहिला तर तो त्याच कोर्टानं सोडवायचा असतो. सर्वोच्च न्यायालयानं पुष्पादेवी भगत प्रकरणात २००६ साली हे स्पष्ट केलं. कर्नाटकातून गेलेल्या राजण्णा विरुद्ध वेंकटस्वामी या प्रकरणात २०१४ मध्येही तेच सांगितलं. राजी अपिलात झाली असेल तर अर्ज अपील कोर्टात. खानापूरच्या कोर्टात झाली असेल तर खानापुरातच, निपाणीची असेल तर निपाणीत. न्यायाधीश बदलले असले तरी चालतं. अर्ज त्या कोर्टाकडे जायला हवा.

पण आधी बघा: डिक्री कोर्टाची आहे की लोकअदालतीची?

हे पहिल्याच दिवशी तपासा, कारण इथून वाट फुटते. कागदावर 'लोक अदालत' असं लिहिलेलं असेल, सहीच्या जागी न्यायाधीशांबरोबर समेट करणाऱ्या सदस्यांच्या सह्या असतील, तर तो लोकअदालतीचा निवाडा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे तो डिक्रीसारखाच मानला जातो, आणि त्यावर अपील नाही. त्याला आव्हान द्यायचं तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. जालोर सिंग प्रकरणातल्या २००८ च्या निकालानं हे पक्कं केलं. बेळगाव जिल्ह्यासाठी त्याचा अर्थ धारवाड खंडपीठ. बिदरकडच्या मराठी वाचकांसाठी कलबुर्गी खंडपीठ.

कागद गोळा करा, सगळे

लोक फक्त डिक्रीची नक्कल काढतात. तेवढ्यानं काही होत नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून पूर्ण फाइलीच्या प्रमाणित नकला मागा: दावापत्र आणि त्यासोबतचे कागद, समन्स आणि ते बजावल्याचा शेरा, तुमच्या नावानं दाखल झालेलं वकीलपत्र, राजी अर्ज, प्रत्येक तारखेची ऑर्डर शीट, आणि मग डिक्री. दाव्याचा ओएस (मूळ दाव्याचा) नंबर माहीत नसेल तर तो उताऱ्यामागच्या एमआर फाइलीत सापडतो. ईकोर्टस्‌च्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधलं तरी सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळतो. नाव इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगनं घालून पाहा. पाटीलचं एक स्पेलिंग असेल असं समजू नका. तुम्ही दाव्यात पक्षकार नसाल तर नक्कल का हवी याचं कारण अर्जात द्यावं लागतं.

तहसीलदार कचेरीतून वर्दीची फाइल वेगळी मागा. डिक्रीवरून नोंद करताना नोटीस कुणाला, कुठल्या पत्त्यावर गेली आणि ती कुणी घेतली, हे त्यात असतं. जमीन पूर्वीपासून घरची असल्याचे जुने फेरफारही काढून ठेवा. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे आपल्या भागातले अनेक जुने फेरफार मराठीत सापडतात, त्याआधीचे काही मोडीत. ते कोर्टात द्यायचे तर भाषांतर सोबत लागतं. मोडी वाचणारा माणूस आजच शोधायला लागा. ऐन तारखेला तो मिळत नाही.

ऑर्डर शीट वाचायला शिका

सगळ्यात जास्त वेळ मी या कागदावर घालवला, आणि तुम्हीही घालवा. ऑर्डर शीट म्हणजे कोर्टाची रोजनिशी. प्रत्येक तारखेला काय झालं ते दोन-चार ओळींत. आमच्या दाव्याची ऑर्डर शीट जेमतेम दीड पानाची होती. पहिल्या तारखेला दावा दाखल, समन्स काढा. दुसरी नोंद अकरा दिवसांनंतरची: प्रतिवादी वकिलामार्फत हजर, वकीलपत्र दाखल, राजी अर्ज दाखल, उभय पक्ष हजर, वकिलांनी ओळख पटवली, मजकूर वाचून समजावून सांगितला, पक्षकारांना मान्य, राजीप्रमाणे डिक्री करा. सगळं एकाच तारखेत. समन्स बजावल्याचा शेरा फाइलीत कुठेच नाही, कारण समन्स बजावायच्या आधीच आबा 'हजर' झाले होते. भातकापणीच्या दिवसांत, न कळलेल्या दाव्यात.

मग राजी अर्ज पाहिला. तीन पानं, कन्नड. आबांची मराठीतली सही फक्त शेवटच्या पानावर. ते सही करताना अक्षरं आधी काढतात आणि शिरोरेघ शेवटी ओढतात, त्यामुळे ती थोडी वाकडी जाते. ती त्यांचीच सही होती, नाकारण्यात अर्थ नव्हता. पण दुसऱ्या पानावर, जिथे सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा होत्या, तिथे सही नव्हती आणि टाइप वेगळा होता. पहिल्या आणि तिसऱ्या पानावरच्या ओळी समासापासून जिथे सुरू होत होत्या, तिथे दुसऱ्या पानावरच्या होत नव्हत्या. हे आम्हाला झेरॉक्सवर दिसलं नाही. मूळ फाइल पाहण्याची परवानगी घेऊन वकिलांसोबत बसलो तेव्हा दिसलं. म्हणून मूळ फाइल पाहा.

एक अवघड गोष्ट आधीच सांगून ठेवतो. कोर्टानं ऑर्डर शीटमध्ये 'समजावून सांगितलं, मान्य' असं लिहिलं असेल, तर ते खोटं आहे असं नुसतं म्हणून चालत नाही. न्यायालयाची नोंद खरी धरूनच सगळे पुढे जातात. म्हणून 'समजावलंच नाही' यापेक्षा 'कुठल्या भाषेत समजावलं, कुणी समजावलं' हा प्रश्न धरा. नोंदीत भाषा लिहिली आहे का? 'त्यांना कळणाऱ्या भाषेत' असं आहे, की 'कन्नडमध्ये' असं आहे, की काहीच नाही?

आणि इथे कृपा करून खोटं बोलू नका. 'मला कन्नड येत नाही' असं प्रतिज्ञापत्रात लिहिणारे कितीतरी लोक उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला सापडतात. समोरचा वकील कन्नडमध्ये विचारतो, बाजारात भात काय भावानं विकलात, आणि माणूस सवयीनं कन्नडमध्येच उत्तर देतो. खरं आहे तेवढंच लिहा. आबांनी लिहिलं: मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलो, बाजारापुरतं कन्नड बोलतो, कन्नड लिपी मला वाचता येत नाही, आणि राजी अर्ज मला मराठीत वाचून दाखवला नाही. या चार वाक्यांत एकही वाक्य मोडता येत नव्हतं.

अर्जात काय मांडायचं

आदेश २३ नियम ३ प्रमाणे राजी लेखी हवी, पक्षकारांनी सही केलेली हवी आणि कायदेशीर हवी. त्याच नियमाचं स्पष्टीकरण सांगतं की, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जो करार रद्दबातल किंवा रद्द करण्याजोगा असेल तो कायदेशीर मानायचा नाही. म्हणजे फसवणूक, चुकीची माहिती, दाब, गैरवाजवी प्रभाव हे सगळं यात बसतं.

पण 'फसवणूक झाली' एवढा शब्द लिहून भागत नाही. आदेश ६ नियम ४ तपशील मागतो. कुणी काय सांगितलं, कुठे सांगितलं, कुठल्या दिवशी, कोण कोण होतं, कागद कुठे ठेवून सही घेतली. आबांना सांगितलं गेलं होतं की पाटाच्या पाण्याचा वाद मिटवायचा आहे, दोन्ही बांधांना पाणी मिळेल. तो पाण्याचा वाद खरोखर होता, गावातल्या पंचांना माहीत होता, आणि राजी अर्जात पाण्याचा एक शब्दही नव्हता. आमचा सगळा अर्ज या एका गोष्टीवर उभा राहिला.

तुमच्या प्रकरणात वेगळं काही असू शकतं. सही किंवा अंगठा तुमचा नसेल तर तज्ज्ञाकडून तपासणी मागा, आणि त्याच काळातल्या बँकेच्या, सोसायटीच्या सह्या नमुन्यासाठी जमवा. घरातला कुणी त्या वेळी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल, तर आदेश ३२ नियम ७ प्रमाणे कोर्टाची परवानगी घेतल्याशिवाय त्याच्या वतीनं राजी करता येत नाही; ती परवानगी ऑर्डर शीटमध्ये शोधा. राजीच्या तारखेआधीच एखादा पक्षकार वारला असेल तर त्याचा मृत्यूचा दाखला सगळ्यात वर लावा. ज्या वकिलाचं वकीलपत्र तुमच्या नावानं आहे त्याला तुम्ही कधी पाहिलंच नसेल, तर तसं स्पष्ट लिहा. मात्र त्या वकिलावर आरोप करण्याआधी शंभर वेळा विचार करा. गावात काय बोलतात त्यावर नको, कागदावर जेवढं दिसतं तेवढंच.

एक इशारा, कारण आमच्या भागात हे फार होतं. 'जमीन त्याला फाळ्यानं (खंडानं) दिली होती, म्हणून तो कसत होता' असं लोक सहज लिहून टाकतात. कर्नाटकात १ मार्च १९७४ ला कुळाकडे असलेली जमीन सरकारकडे निहित झाली, आणि त्यानंतर शेतजमीन कसायला देण्यावर, थोडे अपवाद सोडले तर, बंदी आहे. त्यामुळे त्या एका वाक्यातून कुळाचा वेगळाच प्रश्न उभा राहू शकतो. खरं असेल तर लपवू नका, पण त्याचा परिणाम वकिलाकडून समजून घेऊन मगच लिहा. तसंच जमीन सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दिलेली असेल, तर १९७८ च्या कर्नाटक कायद्याप्रमाणे एसींकडे म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायची स्वतंत्र वाट आहे. ती आधी तपासा.

तोंडी खरेदीचं काय?

सगळ्यांना वाटतं की मुख्य मुद्दा हाच. मलाही वाटायचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ सांगतं की, शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जमीन फक्त नोंदणीकृत दस्तानंच विकता येते. मग तोंडी खरेदीला अर्थ काय? मालकी जाण्याच्या दृष्टीनं काहीच नाही. दावापत्रात समोरच्यानं स्वतःच किंमत लिहिलेली असते, ती बघा. शंभराच्या वर असेल तर त्याचंच दावापत्र त्याच्या विरुद्ध बोलतं. आजोबांच्या काळातली शंभराच्या आतली विक्री असल्याचं म्हटलं असेल, तर मात्र कब्जा देऊन झालेली विक्री कायद्याला मान्य असते. तिथे तारीख आणि किंमत दोन्ही नीट तपासा. कलम ५३अ चा आसरा घ्यायला लेखी करार लागतो, तोंडी व्यवहाराला तो मिळत नाही.

तरीही राजी मोडायच्या अर्जात 'तोंडी खरेदी खोटी' एवढंच म्हटलं तर कोर्ट विचारेल: खोटी होती तर तुम्ही मान्य का केली? म्हणून आधी संमती खरी नव्हती हे, आणि त्यानंतर तोंडी खरेदी. हा क्रम उलटा करू नका.

दुसरा पाय मात्र भक्कम लावा. भूपसिंग प्रकरणात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, जी डिक्री आधी नसलेला हक्क पहिल्यांदाच निर्माण करते, तिची नोंदणी लागते. २०२४ च्या अखेरीस मुकेश विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात, जमीन दाव्याचाच विषय असेल आणि हक्क आधीपासूनचा असेल तर राजी डिक्रीला नोंदणी लागत नाही, असं सांगितलं. आता विचार करा: तोंडी खरेदीनं कायद्यानं हक्क मिळतच नाही, तर 'आधीपासूनचा हक्क' आला कुठून? हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात घ्यायला सांगा. फक्त त्याच्या एकट्याच्या जिवावर बसू नका.

मुदत

अशा अर्जाला साधारणपणे १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३७ ची तीन वर्षं धरली जातात. फसवणूक असेल तर कलम १७ प्रमाणे ती कळल्या दिवसापासून, किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळली असती त्या दिवसापासून मोजतात. या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर समोरचा वकील जोर देतो: उतारा दरवर्षी निघतो, मग तुम्ही पाहिला का नाही? म्हणून उतारा कधी आणि कशासाठी काढला, त्याची पावती जपून ठेवा. आबांच्या सोसायटीच्या अर्जावरची तारीख आमच्या फार कामी आली. विलंब असेल तर कलम ५ चा अर्ज सोबत द्या, आणि आमच्यासारखे चुकीच्या दाव्यात अडकला असाल तर तो प्रामाणिकपणे घालवलेला वेळ वगळण्यासाठी कलम १४ मांडा. आमचे वीस महिने त्या कलमानंच वाचले.

अर्ज दाखल करताना

मुख्य अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, विलंब असेल तर माफीचा अर्ज, आणि डिक्रीच्या अंमलबजावणीला व जमीन विकण्याला स्थगिती मिळावी असा अर्ज. तिन्ही एकाच दिवशी. प्रतिज्ञापत्र कन्नड किंवा इंग्रजीत होत असेल, तर 'हे मला मराठीत वाचून समजावलं' ही ओळ खरोखर वाचून घेतल्यावरच त्यात टाका. राजीत जे घडलं तेच आपण पुन्हा घडवतोय का, हे इथे पाहायचं.

स्थगिती मिळाली की तिची नक्कल लगेच तहसीलदाराला द्या आणि उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात नोंद करून घ्या. त्यामुळे नवा गिऱ्हाईक आला तरी त्याला उताऱ्यावरच वाद दिसतो. उतारा दुरुस्तीसाठी एसींकडे अपील करता येतं, पण डिक्री उभी आहे तोवर महसूल खातं तिच्या मागेच जाणार. तिथे पैसे आणि चपला झिजवण्यात मला फारसा अर्थ दिसला नाही. पोलीस तक्रारीचंही तसंच: बनावट सहीचं प्रकरण असेल तर ती करावी, पण तिनं डिक्री रद्द होत नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करून आधी विचारून घेता येतं.

बहिणी आणि लेकी ज्यांना दाव्यात घेतलंच नव्हतं, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०२० च्या त्रिलोकीनाथ सिंग निकालानंतर, पक्षकार नसलेल्यानंसुद्धा 'राजी बेकायदा, रद्द करा' असा वेगळा दावा घालणं धोक्याचं आहे. स्वतःच्या हिश्शासाठी वाटणीचा दावा करायचा, त्याच कोर्टात अर्ज करायचा की दोन्ही, हे कागद पाहून ठरवावं लागतं. भावांनी केलेल्या राजीत तुमची सही नाही, हे मात्र ठामपणे सांगा.

साक्ष

अर्जावर कोर्ट पुरावा घेतं. फसवणूक झाली म्हणणाऱ्यानंच ती सिद्ध करायची असते. पाण्याच्या वादाचे पंच, राजीच्या दिवशी तुम्ही दुसरीकडे होता हे सांगणारा माणूस, सोसायटीचा कारकून, असे दोन-तीन साक्षीदार पुरतात. दहा नातेवाईक नेऊ नका.

साक्ष मराठीत देता येते. ती लिहून घेतली जाते कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. आदेश १८ नियम ६ प्रमाणे, ज्या भाषेत ती लिहिली गेली ती साक्षीदाराला कळत नसेल, तर त्यानं ज्या भाषेत साक्ष दिली त्या भाषेत ती त्याला समजावून सांगितली पाहिजे. हे हक्कानं आणि नम्रपणे मागा. आधी वकिलाला सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी तेही घाईत सोडून देणार नाहीत.

अर्ज मंजूर झाला तर

डिक्री मागे घेतली जाते आणि मूळ दावा त्याच नंबरावर पुन्हा उभा राहतो. जमीन आपोआप परत येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. आमच्याकडे पेढे आणायची घाई झाली होती. आता कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते, आणि तीस दिवसांच्या आत, फार तर नव्वद. तोंडी खरेदीची खरी लढाई इथे सुरू होते. समोरचा बहुधा पवित्रा बदलून बारा वर्षांच्या कब्जाचं म्हणणं मांडेल. त्याला उत्तर म्हणून कब्जा कसा आणि कुणाच्या परवानगीनं गेला याचे कागद लागतात: शेतसाऱ्याच्या पावत्या, पिकाच्या नोंदी, पाण्याच्या वादाचा पंचनामा. डिक्रीमुळे कब्जा गेला असेल तर तो परत मागायला दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ आहे. तो अर्ज विसरला जातो, विसरू नका. उतारा पूर्ववत करायला कोर्टाचा आदेश तहसीलदाराकडे न्या आणि पोच घ्या.

अर्ज नामंजूर झाला तर धारवाडच्या खंडपीठात जायचा विचार करावा लागतो. तिथे खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात, पण ऑर्डर शीट आणि राजी अर्जात खोट स्पष्ट दिसत असेल तर ती वाट सोडू नका.

आमचा मूळ दावा आता पुराव्यावर आहे. मागच्या तारखेला आबांची साक्ष झाली. लिहून झाल्यावर ते उभेच राहिले. न्यायाधीशांनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा म्हणाले, "साहेब, एकदा मराठीत वाचून दाखवा, मग सही करतो." कोर्टानं ती वाचून दाखवायला लावली. एका ठिकाणी पाटाऐवजी रस्ता असं लिहिलं गेलं होतं. ते दुरुस्त झालं, आणि मग आबांनी सही केली, शिरोरेघ शेवटी.